सहा आठवड्यांचा दाखला

नव्वदच्या दशकात मी जालन्यात फौजदार होतो. औद्योगिक वसाहतीतल्या एका पोलाद कारखान्यात भट्टीचा स्फोट झाला आणि एक कामगार जागीच गेला. व्यवस्थापनानं मयताचीच चूक सांगितली. ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद झाली, कागद माझ्याकडे आले.

तिसऱ्या दिवशी मयताचा जोडीदार कामगार आला. चहा पाजला तेव्हा बोलला.

"साहेब, भंगार वल्लं व्हतं. वल्लं भट्टीत टाकलं की उडतंय. त्यानं इंजिनेर साहेबाला सांगितल्तं. ते म्हणले, बहाणे करू नको, जल्दी टाक."

इंजिनिअर वाटूरकडचा, बावीस-तेवीस वर्षांचा. नोकरीला महिनाही झाला नव्हता. "मला कुणी काही बोललं नाही," एवढंच तो सांगत राहिला. त्याच्या फाइलीत, शिकत असताना दुसऱ्या एका कारखान्यात भट्टीवर सहा आठवडे प्रशिक्षण घेतल्याचा दाखला होता. आवाज चढवून खरं निघत नाही, हा माझा अनुभव. मी दाखला घेऊन त्या कारखान्यात गेलो, हजेरीपट मागवला. त्या अख्ख्या उन्हाळ्यात त्यात त्याचं नाव कुठंच नव्हतं.

परत येऊन मी दाखला आणि हजेरीपट त्याच्यापुढे ठेवले. त्याचा चेहरा उतरला.

"मामांनी ओळखीनं आणला, साहेब. कॉलेजात बरेच जण आणतात. मी सुट्टीभर गावाकडंच होतो."

"भंगार ओलं असल्याचं त्या कामगारानं सांगितलं होतं?"

"सांगितलं होतं. मला वाटलं, काम टाळून राह्यलाय." मग त्यानं विचारलं, "तिथं गेलो असतो, तर हे कुणी शिकवलं असतं का?"

"पहिल्याच दिवशी," मी म्हणालो.

तो टेबलावर डोकं ठेवून रडला. मी जबाब लिहून घेतला. निष्काळजीपणानं मृत्यूचा गुन्हा दाखल झाला, खटला वर्षानुवर्षं चालला. मयताची बायको दर तारखेला जाफराबादहून एसटीनं यायची, व्हरांड्यात बसून परत जायची. शेवटी त्याला शिक्षा झाली. दाखल्यावर सही करणारा मात्र सुटला.

उमेदवारीच्या काळात मी एका म्हाताऱ्या जमादाराच्या मागं फिरलो. पंचनामा चुकला की तो चारचौघांत कागद फाडायचा. तेव्हा राग यायचा. पण शिकाऊ माणसाला कुणीही टोकू शकतं, आणि त्याला ऐकावं लागतं. या पोरानं ते दिवस कागदावर उरकले आणि थेट साहेब झाला. त्याला टोकायला निघालेला पहिलाच माणूस जिवानिशी गेला.