लग्नसराईसाठी घेतलेली मोटार

उकंडराव इंजिन डोळे मिटून ऐकत असे. धामणगाव बढ्यात त्याची पिठाची गिरणी होती, ऑइल इंजिनवर चालणारी. पट्टा सैल झाला, पाणी कमी पडलं, डिझेलमध्ये कचरा आला, हे त्याला दळणाचा डबा ओतता ओतता कळे. भुवयांवर, मिशीवर, कानांच्या पाळ्यांवर ज्वारीचं पीठ. वय बत्तीस, पण दिवसभर म्हातारा दिसे. संध्याकाळी तोंड धुतलं की पुन्हा तरुण होई.

मी अमरावतीहून मराठी घेऊन बी.ए. झालो होतो. नोकरी मिळेपर्यंत गावी होतो आणि त्याच्या गिरणीच्या ओट्यावर बसून वाचत असे. तो मला नावानं हाक मारत नसे.

"बीए, तुह्या पुस्तकावर पीठ बसून राह्यलं. वाचायच्या आधी चाळून घेजो."

मी त्याला उकंडाभाऊ म्हणायचो. त्याच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली होती. म्हणून तो जन्मला तेव्हा त्याच्या आईनं त्याला उकिरड्यावर नेऊन ठेवलं. शेजारणीनं उचललं. मग आईनं सूपभर कोंडा देऊन त्याला परत विकत घेतलं. टाकून दिलेल्या पोराकडे मरण वळून पाहत नाही, अशी समजूत. नावही त्यावरूनच ठेवलं. तो जगला. त्यामुळे या गोष्टीत हसण्यासारखं काही आहे असं त्याला कधी वाटलं नाही.

त्याची बायको गोजरबाई. मी तिला वहिनी म्हणत असे. तिची तीन मुलं गेली. पहिलं घरीच. दुसरं बैलगाडीत, राजूर घाटाच्या पायथ्याशी. तिसऱ्या वेळी दोघं फाट्यावर एस.टी.ची वाट पाहत बसले होते. एस.टी. आली तेव्हा नेण्यासारखं काही उरलं नव्हतं.

चौथ्या वेळी तो मला गिरणीच्या मागं घेऊन गेला आणि खिशातून कागद काढला. बुलढाण्याच्या डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी होती. इंग्रजीत. केवळ त्यामुळे ती बातमी मला कळली. मूल आपोआप होणार नाही, पोट चिरावं लागेल, कळा सुरू झाल्याबरोबर आणावं, असं तिच्यात लिहिलं होतं.

"कोणाले सांगू नको," तो म्हणाला. "घरात नाई, गल्लीत नाई. तीनदा सांगून पाह्यलं. साखर वाटली. यावेळी कोणाच्या कानावर जाऊ द्याचं नाई."

"कलाताईला तरी?"

कलाबाई त्याची मोठी बहीण. देऊळघाटला दिलेली. तिथून बुलढाणा हाकेवर, मध्ये घाट नाही. वहिनीला महिनाभर तिथं ठेवता आलं असतं.

"तिले सांगितलं म्हणजे देऊळघाटले सांगितलं," तो म्हणाला.

पोट काही लपत नाही. वहिनी विहिरीवर जाईनाशी झाली. गावाला कळत होतं, पण गावही बोलत नव्हतं. विचारावं आणि पुन्हा काही वाईट व्हावं, मग आपलीच नजर लागली म्हणायचे. सगळे गप्प राहिले. त्या गप्प राहण्यात माया होती, हे मी आजही म्हणेन.

बुलढाणा पंचवीसेक मैल. एस.टी. दोनच. कळा वेळ पाहून येत नाहीत. म्हणून त्यानं मोटार घ्यायचं ठरवलं. लग्नाआधी दोन वर्षं तो सरकीच्या ट्रकवर क्लीनर होता. चालवायला तिथंच शिकला होता. पैसे नव्हते. पण मेहकरचा मोतीराम गिरणीचं इंजिन न्यायला तयार होता आणि त्या इंजिनाच्या किमतीत मलकापूरला एक जुनी मोटार मिळत होती. इंजिन गेलं तर पुढं खायचं काय, हे त्यानं मला विचारलं नाही. मीही त्याला विचारलं नाही.

फाल्गुनात आम्ही मलकापूरला गेलो. मोटारीचा मालक उत्तमराव. स्टेशनवरून गिऱ्हाइकं नेणारा जुना माणूस. खाकी सदरा, हातभर ऑइल. त्याच्या अंगणात दोन गाड्या होत्या. एक बऱ्यापैकी नवी. दुसरी काळी लँडमास्टर, पंचावन्न सालची. तिच्यावरचा नंबर अजून मध्यप्रदेशचा होता. ती रस्त्यावर आल्यावर दोनदा राज्य बदललं, नंबर तोच राहिला.

"कशाले पाह्यजे गाडी?" उत्तमरावानं पहिलं तेच विचारलं.

"अशीच. लग्नसराईत भाड्यानं चालवीन."

उकंडरावानं दार उघडलं. क्लचच्या पेडलचं रबर झिजून लोखंड चकाकत होतं. चालकाच्या जागी गादीला खड्डा. मी मीटर वाचलं. आठ हजार चारशे सोळा मैल.

"आठच हजार?" मी म्हणालो.

उत्तमराव हसला. "पोरा, पाच आकड्याचं मीटर हाये. लाख झाले का पुन्हा शून्य. दोनदा तं माह्या डोयासमोर शून्य झालं. खोटं सांगून गाडी इकत नाई मी."

"म्हणजे दोन लाख आठ हजार."

"हिशेब पक्का हाये. मास्तर हाये काय हा?"

"बीए हाये," उकंडराव म्हणाला. बैल दाखवताना दात चांगले आहेत म्हणतात, त्या सुरात.

उत्तमरावानं हँडल मारलं. गाडी दुसऱ्या फेऱ्याला सुरू झाली. उकंडरावानं बॉनेटवर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. बराच वेळ तसाच उभा होता. मग मागं गेला, धूर पाहिला. निळा होता, म्हणजे इंजिन ऑइल जाळत होतं.

"पिस्टनच्या रिंगा गेल्या," तो म्हणाला.

"गेल्या नाई. थकल्या."

"गेल्या अन् थकल्यात काय फरक?"

"थकलेला माणूस हाक मारली का उठते. गेलेला उठते काय?"

उकंडराव हसला. त्या दिवसातलं तेवढंच हसू. उत्तमरावानं आम्हाला बसवून स्टेशनच्या रस्त्यानं एक फेरी मारली. गाडी बरी पळाली. रस्ता ताटासारखा सपाट होता.

परत आल्यावर चहा आला. पैसे गिरणीचं इंजिन विकून येतील, हे उकंडरावानं सांगून टाकलं. उत्तमराव म्हणाला, "भाऊ, पुन्हा इचारतो. काम कोणतं?"

"सांगितलं ना. लग्नं."

"गिरणीवाला माणूस तू. चालतं इंजिन इकून लग्नाच्या वराती काऊन नेतं बे? मोटार काम पाहून द्याची वस्तू हाये. सपाटीले ही सोनं हाये. बाजार करा, स्टेशन करा, नवरदेव बसवा. दुसरं काही काम असलं तं आत्ता सांग. मी दुसरं काही सांगीन."

उकंडरावानं माझ्याकडे पाहिलं. मी चहाकडे पाहिलं.

"लग्नंच," तो म्हणाला.

मग तो मला फाटकाबाहेर घेऊन गेला.

"बीए, घेऊ का?"

"तुला काय वाटतं?"

"मले वाटणं सोड. रिंगा गेल्याच हायेत, तो काईबी म्हणो. पण दुसरी गाडी मले भेटत नाई अन् गोजरले दुसरा महिना भेटत नाई." त्यानं फाटकातून गाडीकडे पाहिलं. "दोन लाख मैल पळाली ही. तरी मेली नाई. कोणाले नको हाये. अशाच वस्तूले मरण इसरते. मीच नाई का?"

पुस्तकं वाचलेल्या माणसानं इथं काहीतरी बोलायला हवं होतं. निदान एवढं, की आत जा आणि त्याला खरं सांग. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्याला उत्तर नको होतं. होकार हवा होता.

"घे," मी म्हणालो.

आठवड्याभरात मोतीरामची माणसं येऊन इंजिन घेऊन गेली. गिरणी बंद झाली. बाया दळण घेऊन येत आणि परत जात.

"काऊन रे उकंडा, आता मोटारीत दळतं काय?" एकीनं विचारलं.

"हाव ना मावशी. डिक्कीत टाक डबा, मलकापूरपर्यंत पीठ होते."

मोटार निंबाखाली उभी असे. वर जुनी गोधडी. रोज सकाळी तो ती सुरू करी, दहा मिनिटं ऐकत बसे, बंद करी. लग्नाची दोन-तीन बोलावणी आली. तो गेला नाही.

"एकदा घाट चढून पाहू," मी म्हणालो.

"घाटाकडं गेलो का लोक इचारतीन, काऊन गेला. अन् उगीच काऊन पळवू? इच्यात जे उरलं हाये ते गोजरचं हाये."

वैशाखात, एका दुपारी, कळा सुरू झाल्या. गीताबाई सुईण मागं वहिनीजवळ बसली. मी पुढं बसलो, पायाशी एक मोठा दगड घेऊन. चढावर गाडी थांबली की चाकामागं लावायला. मोताळ्यापर्यंत गाडी छान पळाली. उकंडरावानं एकदा माझ्याकडे पाहून मान हलवली. वहिनी ओठ दाबून होती. ओरडली नाही. ओरडणं म्हणजेही सांगणंच होतं.

घाट लागला. दुसरं वळण गेलं. तिसऱ्यावर गाडी पहिल्या गिअरमध्ये माणसाच्या चालीनं चालू लागली. मागं निळा धूर, पुढं पांढरी वाफ. चौथ्या वळणावर ती थांबली. मी उतरून दगड लावला.

त्यानं बॉनेट उघडलं. रेडिएटर उकळत होता. सोबत आणलेलं पाणी तिथंच संपलं. दहा मिनिटं गाडी चालली, पुन्हा थांबली. आता फक्त वहिनीसाठी भरलेली कळशी उरली होती.

"टाका ते," वहिनी मागून म्हणाली. इतक्या वेळात ती पहिल्यांदा बोलली.

"थांबाव लागते, गोजर. इंजिन निवू द्याव लागते."

"किती?"

गीताबाईनं मागून नुसतं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं कळशी उचलली.

तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नये, लोखंड तडकतं. हे त्यानंच मला शिकवलं होतं, गिरणीच्या ओट्यावर. त्यालाही त्या क्षणी ते आठवत होतं. मला त्याच्या मनगटाकडे पाहून कळलं. त्यानं ओतलं. आत कुठंतरी टक् असा आवाज झाला. फार मोठा नव्हता. उकंडरावाचे डोळे मिटलेले होते.

त्यानंतर हँडल मारायलासुद्धा तो गेला नाही.

घाटात ट्रक यायला सुमारे दीड तास लागला. आम्ही वहिनीला त्यातल्या पोत्यांवर निजवून नेलं. डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी पाहिली, घड्याळ पाहिलं आणि आत गेल्या. वहिनी वाचली. मूल वाचलं नाही. मुलगी होती. आणखी एक तास आधी आणलं असतं तर, एवढं म्हणून बाई थांबल्या.

चौथ्या दिवशी मी मलकापूरला गेलो. मोटार घाटात उभी होती. ती ओढून आणायला उत्तमरावाशिवाय दुसरं कोणी मला माहीत नव्हतं. तो नव्या गाडीखाली झोपून काहीतरी करत होता. मी सांगू लागलो. घाट म्हणालो तेव्हा तो बाहेर आला. वहिनीचं सांगितलं तेव्हा तिथंच मातीत बसला.

"घाट चढाले घेतली होती ती?"

"हो."

"बाईसाठी?"

"हो."

"तीनदा इचारलं मी. तू होता ना तिथं?"

मी मान हलवली. खरं तर त्यानं दोनदाच विचारलं होतं. पण मी त्याला दुरुस्त केलं नाही.

तो हातातला पाना उलटसुलट करत राहिला. मग नव्या गाडीकडे बोट दाखवलं. "वैशाखात ही बारा दिवस इथीच उभी होती. गिऱ्हाईक नव्हतं. नुसतं सांगितलं असतं तं तुमच्या दारात आणून लावली असती. मी सोता झोपलो असतो तिच्यात. भाडं नसतं घेतलं, गिरणी नसती इकू देली." आवाज चढला होता. "माणूस एवढं बोलत नाई काय बे?"

परतीच्या एस.टी.त मी खिडकीला डोकं टेकून बसलो होतो. एकच वाक्य लागलं असतं. ते बोलायला माझ्याजवळ तोंड होतं, आणि समोर चहा होता.

गावी पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. उकंडराव गिरणीत होता. इंजिन होतं त्या जागी जमिनीतून चार बोल्ट वर आलेले होते. त्यांच्याभोवती जुनं पीठ तेलात घट्ट बसलं होतं. तो ते खरवडत होता. अंगावर पीठ नव्हतं, तरी म्हातारा दिसत होता.

"काय म्हणे उत्तमराव?"

"गाडी ओढून आणतो म्हणाले."

"अजून?"

तो माझ्याकडे पाहत होता. सांगायचं की नाही, हे ठरवायला मला फार वेळ लागला नाही. आधीही लागला नव्हता.

"काही नाही," मी म्हणालो.

"बरं," तो म्हणाला आणि दुसऱ्या बोल्टाकडे सरकला.