बेडूक ओरडत नाहीत, ही तक्रार

आमच्या उद्यान खात्यात झाडं जगोत न जगोत, किस्से मात्र बिनपाण्याचे वाढतात. चहाला एकाने एक काढला की दुसऱ्याचा तयारच! पण पापडी गावच्या बावखलाचे किस्से निघाले, की हसता हसता गप्प व्हायला होतं.

*

बावखल म्हणजे वाडीतलं जुनं तळं. पाऊस त्यात साठतो, म्हणून आजूबाजूच्या विहिरी गोड राहतात. आमच्या साहेबांनी त्याचं सुशोभीकरण काढलं. चारी बाजूंनी उभी काँक्रीटची भिंत, टाइल्स आणि मधोमध फायबरचा बेडूक, तोंडातून कारंजं!

उद्घाटनाला साहेब माइकवर म्हणाले, "आता इथे जैवविविधता नांदेल."

काठावरच्या घरात राहणाऱ्या फिलोमिना मावशी पहिल्या रांगेत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "नांदत होती रे बाबा, तुम्हीच तिला माहेरी धाडली!"

टाळ्या मावशींना पडल्या.

*

पुढच्या पावसाळ्यात मावशी ऑफिसात हजर. "पोरी, तक्रार घे. बेडूक ओरडत नाय."

मी म्हटलं, "मावशी, लोक बेडूक ओरडतात म्हणून तक्रार करतात!"

"त्यांना झोप येत नसेल. मला त्यांच्याबिगर येत नाय. मी जायच्या आधी एकदा ऐकव."

मला आमच्या अख्ख्या खात्याची लाज वाटली.

*

मावशींनी मग स्वतःच भिंतीवरून पाण्यात नारळाच्या झावळ्या सोडल्या. आमच्या सफाईवाल्यांनी कचरा म्हणून उचलल्या. मावशींनी परत सोडल्या, यांनी परत उचलल्या. शेवटी साहेब समज द्यायला गेले.

मावशींनी त्यांना भिंतीपाशी उभं केलं. खाली एक बेडूक चढत होता, घसरत होता, पुन्हा चढत होता. शेजारी दोन मेलेले तरंगत होते. साहेबांनी भिंतीवरून वाकून पाहिलं. मग म्हणाले, "मावशी, झावळी आहे का अजून?"

*

एका बाजूची भिंत तोडायचं ठरलं, तेव्हा ठेकेदार वैतागला. "साहेब, आधी बांधायला लावली, आता तोडायला. नक्की पाहिजे काय?"

"मातीचा उतार."

"बरं. त्याच्यावर टाइल्स कुठल्या?"

त्या काठाला आता कुणी हात लावायचा नाही, असा खात्याचा नियम आहे. गवत वाढलंय, कमळंही आलीत. फायबरचा बेडूक ऑफिसात आहे, त्याच्यावर आम्ही हेल्मेटं ठेवतो.

*

उतार झाला, तरी त्या पावसाळ्यात बावखल मुकंच राहिलं. पुढच्या मे महिन्यात मावशी गेल्या.

त्यांना जाऊन महिना झाला, त्या दिवशी त्यांच्या घरी रोजरी, म्हणजे माळेची प्रार्थना, होती. साहेब आणि मी गेलो. साहेबांना प्रार्थना येत नाही, ते मागे हात जोडून बसले. बाहेर पाऊस नुकताच थांबला होता. अर्धी रोजरी झाली असेल, आणि बावखलातून एक आवाज आला. मग दुसरा. मग इतके, की प्रार्थना ऐकू येईना.

मावशींचा मुलगा रॉकी खिडकी लावायला उठला. साहेबांनी त्याचा हात धरला.

"उघडी राहू दे. तुझ्या आईची तक्रार पेंडिंग आहे."