कुपनांना कुंकू

विमलाबाई आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आल्या तेव्हा धायरीत इमारतींच्या मधूनमधून ज्वारीची शेतं दिसत. मुलगा संतोष आणि सून नम्रता, दोघंही हिंजवडीला आयटीत. सकाळी सातला कंपनीच्या बसने गेलेली माणसं रात्री आठला उगवायची. वर्ध्याकडच्या गावात चाळीस वर्षं एकहाती घर ओढलेली ही बाई इथे सहा महिने नुसती बसून होती. केरवाऱ्याला बाई, पोळ्यांनाही बाई. "पाहुणी म्हणून आली का मी?" असं त्या मला जिन्यात अडवून विचारायच्या.

शेवटी नम्रताने वाणसामानाचं काम त्यांच्यावर सोपवलं आणि हातात कुपनांचं पुस्तक ठेवलं. संतोषच्या पगाराचा थोडा भाग अशा जेवणाच्या कुपनांत मिळे. तेवढ्यावर कर बसत नसे आणि सिंहगड रस्त्यावरच्या एका मोठ्या दुकानात ती किराण्यालाही चालत. विमलाबाई पुस्तक घेऊन थेट माझ्या दारात.

"हरवलं त? फाटलं त? सून काय म्हणन मले?"

"अहो, कागदाला काय घाबरताय? नोटाच समजा ह्या," मी म्हटलं. हे वाक्य माझं होतं, हे आधीच कबूल करते.

या कुपनांत एक गोम होती. सुटे परत मिळत नसत. शंभराच्या कुपनावर ब्याण्णवचं सामान घेतलं की आठ रुपये दुकानाच्या घशात. दोनदा ठेच लागल्यावर विमलाबाई शहाण्या झाल्या. किमती पाठ करायच्या, मनात बेरीज करत फिरायचं आणि शेवटी मोहरीची पुडी नाहीतर मिठाची पिशवी टाकून आकडा बरोब्बर जुळवायचा. तरी गल्ल्यापाशी पोचेपर्यंत जीव टांगणीला लागलेला असायचा. एकदा नम्रता म्हणाली, "आई, तुमच्यामुळे महिन्याला दोन-तीनशे वाचतात." ते त्यांनी मला एका दिवसात तीनदा ऐकवलं. तिसऱ्यांदा मी म्हटलं, "आता बोर्डच लावा दारावर." त्या लाजल्या, पण लावला असता, अशीच माझी खात्री आहे.

दिवाळी आली. भाऊबीजेला नम्रताचे दोन्ही भाऊ जेवायला येणार होते. सामान अर्थात विमलाबाई आणणार. पाडव्याच्या सकाळी त्या मला सोबत घेऊन गेल्या. चक्का, रवा, तूप, बदाम, सगळं घेऊन झालं. बेरीज जुळली. गल्ल्यावर त्यांनी बटव्यातून कुपनं काढली. प्रत्येक कुपनावर हळदीकुंकवाचं एकेक बोट!

"काल लक्ष्मीपूजनात ठेवली होती," त्या सहज म्हणाल्या. "एकाले लावा न दुसऱ्याले नाही, असं कसं?"

गल्ल्यावरच्या मुलीने दोन-तीन कुपनं उलटीसुलटी केली. "नाही चालणार, आजी. नंबर दिसत नाहीये."

"नोटेवरचं कुंकू बरं चालतं तुम्हाला?" मी आवाज चढवला.

"नोट सरकारची आहे, मॅडम. ही आम्हाला परत पाठवावी लागतात. नंबर नसेल तर आमचे पैसे बुडतात."

मागे रांग वाढत होती. विमलाबाईंनी पदराचं टोक जिभेने ओलं केलं आणि एक कुपन पुसायला लागल्या. कुंकू गेलं, त्याच्याबरोबर नंबरही गेला. मग दुसरं घेतलं. मी त्यांचा हात धरला.

ट्रॉली तिथेच सोडून आम्ही बाहेर आलो.

"मी देते पैसे, सामान घेऊन जाऊ. नम्रताला कळायचंसुद्धा नाही," मी म्हटलं.

"नाही जी. सुनेशी खोटं नाही बोलत मी." मग रस्ताभर एकच, "थे मले आता काय म्हणन?"

मीही त्यांच्याबरोबर वर गेले. त्यांनी कुपनं ओट्यावर ठेवली आणि काही न लपवता सगळं सांगितलं. नम्रता चक्क हसली. "असू द्या हो, आई. चूक माझीच. या वयात तुम्हाला कशाला एवढी दगदग? उद्याचं मी बघते, आणि पुढच्या महिन्यापासून मीच येताना आणत जाईन. तुम्ही आराम करा." असं म्हणून तिने पुस्तकाचा उरलेला भाग त्यांच्या हातातून अलगद घेतला आणि आपल्या पर्समध्ये टाकला.

'नोटा समजा' हे मी सांगितलं होतं, एवढं बोलायला तोंड उघडायला हवं होतं. एरवी कुणाचं ऐकून न घेणारी माझी जीभ तेव्हा टाळूला चिकटली. त्याची लाज मला आजही वाटते.

विमलाबाई मला जिन्यापर्यंत सोडायला आल्या. "रागावली नाही," त्या म्हणाल्या. "लई चांगली आहे माही सून." मग कठडा धरून तशाच उभ्या राहिल्या.

"आता सकाळपासून रात्रीपर्यंत मी करू काय, सांगा?"