कपाळाला लावलेलं रिव्हॉल्वर

मशीनच्या तेलाचा वास आला की कुवेतमधल्या शूटिंग रेंजवरचा तो शुक्रवार आठवतो आणि अजून डोकं फिरतं. तिथल्या शुऐबा भागातल्या आमच्या वर्कशॉपमधले पुण्याचे इंजिनिअर साहेब मला हौसेने तिथे घेऊन गेले होते. भाड्याने मिळणारी हत्यारं काउंटरवर मांडलेली होती. साहेबांनी सगळ्यात मोठं पिस्तूल उचललं. मी पडलो फिटर. चार हाताळून बघितली आणि सगळ्यात छोटं, बावीस बोअरचं रिव्हॉल्वर निवडलं. मूठ हातात नीट बसत होती, चक्र जराही ढिलं नव्हतं आणि गोळ्याही स्वस्त होत्या. “अच्छी पारख है,” तिथला हैदराबादी उस्ताद म्हणाला. मग गावी वडिलांनी लावलेल्या सवयीने मी ते रिकामं रिव्हॉल्वर कपाळाला लावलं, नवा पाना हातात घेताना लावतो तसं. उस्तादाने ते झटक्यात हिसकावून घेतलं. “नली सिर की तरफ करते क्या, मियाँ?” त्याचं बरोबरच होतं, नियम म्हणजे नियम. पण साहेब हसत त्याला इंग्रजीत म्हणाले, “खेड्यातले लोक हे, हत्यारालाही देव समजतात.” पंधरा वर्षं इंग्रजी ड्रॉइंग वाचतोय मी, एवढं मला कळतं. एकही गोळी न झाडता मी बाहेर उन्हात जाऊन बसलो. आज खंडेनवमी. सकाळीच साहेबांनी वर्कशॉपच्या ग्रुपवर फोटो टाकलाय: लॅपटॉपला हळदकुंकू, वर झेंडूचं फूल. खाली लिहिलंय, ‘आपली संस्कृती.’