यशोदाबाईची साक्ष

यशोदा गेल्याचा फोन तिच्या मुलीचा, सुनीताचा आला. सकाळी साडेसहाला. "मावशी, आई गेली," एवढंच ती म्हणाली आणि फोन चालू ठेवून रडत राहिली. मी तोंडावर पाणी मारलं, चपला शोधत होते, तेवढ्यात मोबाईल पुन्हा वाजला. यशोदाच्या मंडळीचा, म्हणजे तिच्या चर्चचा ग्रुप. तिनेच मला कधीतरी त्यात घातलं होतं, मी नको नको म्हणत असताना. मेसेजमध्ये जोडलेले हात, एक पांढरं कबुतर, आणि खाली लिहिलेलं : बहीण यशोदा प्रभूकडे गेली, तिचा विश्वास शेवटी डळमळला नसता तर आज ती आपल्यात असती, आपण सावध राहू या. मी दोनदा वाचलं. बाई अजून घरातून हललेली नाही, अंग पुरतं गार झालेलं नाही, आणि हे पंचनामा करून मोकळे! मला शिसारी आली. आज पाच आठवडे झाले, ती जात नाही. म्हणून लिहायला बसले आहे. गेलेल्या माणसाबद्दल फक्त गोड गोड वाचायचं असेल त्यांनी खुशाल पान उलटावं.

मी स्वतः जन्माने ख्रिस्ती. आजोबांपासून आमचं घर शरणपूरच्या बाजूला. बाप्तिस्मा, लग्न, सगळं त्याच दगडी चर्चमध्ये. बावीस वर्षांपूर्वी माझा नवरा गेला तेव्हा समाचाराला आलेल्या प्रत्येकाने 'देवाची इच्छा' हे दोन शब्द इतक्या वेळा ऐकवले, की मी देवाशी बोलणंच सोडून दिलं. नाताळला करंज्या करते, रविवारी कधीमधी बाकावर जाऊन बसते, बस्स. एका धर्मादाय दवाखान्याच्या लॅबमध्ये आयुष्य काढलं. रक्त, लघवी, थुंकी. या नोकरीत माणसांबद्दल फार भ्रम उरत नाहीत. यशोदा त्याच दवाखान्यात पुढे आया म्हणून लागली, पण मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते त्याआधी, वॉर्डात, तिच्या नवऱ्याच्या खाटेशेजारी.

ती सुरगाण्याच्या डोंगरातली. भात-नागली घरात आली की गावातली माणसं जीपमध्ये कोंबून घेऊन द्राक्षबागांच्या कामाला उतरायची, त्यात हे नवराबायकोही. अशाच एका हंगामात नवऱ्याला कावीळ झाली. आधी भगत, मग झाडपाला, मग आम्ही... नेहमीचा रस्ता आणि नेहमीचा उशीर. तो गेला तेव्हा मी रिपोर्ट द्यायला वॉर्डात गेले होते. नातेवाईक दारात उभे राहून जीप कोण आणणार यावर तावातावाने भांडत होते. यशोदा पंचविशीची, काखेत लहानगी सुनीता. तिच्याजवळ कोण होतं, तर समोरच्या खाटेवरची एक म्हातारी. स्वतःच्या सलाईनची बाटली हातात धरून उठून आली होती आणि दुसऱ्या हाताने यशोदाचा हात धरून हमसून हमसून रडत होती. ओळख ना पाळख. ती म्हातारी ख्रिस्ती होती, हे मला मागाहून कळलं.

कितीतरी वर्षांनी मी यशोदाला विचारलं, "काय गं, तू का येशूच्या मागे लागलीस? काय दिलं तुला त्याने?" मला तिला डिवचायचं होतं, खोटं कशाला सांगू. ती लॅबची फरशी पुसत होती. पुसता पुसताच म्हणाली, "काय नाय दिलं, ताई. त्या म्हातारीला मी इचारलं, तुमी का रडता, हा तुमचा कोण लागतो? तर बोलली, आमचा देव पण दोस्ताच्या कबरीपाशी रडला व्हता. मला वाटलं, बाकी समदे आपल्याला शिकवाय येतात. रडाय येणारा देव लय बरा." तिकडचा कोपरा राहिलाय बघ, असं म्हणून मी सूक्ष्मदर्शकात डोळा घातला.

आमच्या जुन्या चर्चमध्ये ती काही महिने आली. बाप्तिस्म्याच्या वेळी तिला नवं नाव सुचवण्यात आलं. ती म्हणाली, "देवाला यशोदा म्हणता येत नाय का?" त्यावर आमच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. उपासना सुटल्यावर चहाच्या वेळी त्यांपैकी एकीने तिला अगदी गोड आवाजात विचारलं, "तुम्ही मूळच्या कुठल्या?" हा प्रश्न कशासाठी असतो, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. ख्रिस्तापुढे सगळे सारखे, फक्त चहाचा कप हातात देण्याआधी चौकशी करायची! मी तिथेच उभी होते आणि बिस्किट खात होते. पुढे यशोदाने सातपूरकडची एक नवी मंडळी धरली. पत्र्याची शेड, ढोलकी, टाळ्या, कंपनीतले कामगार, बागांवरचे मजूर, धुणीभांडी करणाऱ्या बाया. तिथे तिला कुणी मूळ विचारलं नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं.

मग तिला छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, केमो झाली, केस गेले. सुई टोचायच्या आधी ती डोळे मिटून पुटपुटायची. एकदा मी विचारलं, काय मागतेस? म्हणाली, "सिस्टरला नस सापडू दे. बाकीचं तेला म्हाईत हाय." असा तिचा हिशोबी देव. तिच्या प्रार्थनेत कधी मोठी मागणी नसायची, म्हणूनच मला तिच्याजवळ बसवायचं. माझ्या नवऱ्याच्या आठवणी मी आयुष्यात फक्त तिच्याजवळ काढल्या. ती ऐकायची आणि उपदेश करायची नाही, कधीकधी नुसती डोळे पुसायची.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात त्या मंडळीत बाहेरगावचे एक प्रचारक आले. सगळे त्यांना ब्रदर म्हणत. ऐन मे महिन्यात सूट घातलेला माणूस. तीन दिवस सभा. तिसऱ्या दिवशी त्याने यशोदाच्या डोक्यावर हात ठेवून माईकमध्ये जाहीर केलं, की कॅन्सर या क्षणी निघून गेला. त्याच सुमारास डॉक्टरांनी दुखण्याची गोळी बदलली होती, त्यामुळे तिला खरोखरच बरं वाटत होतं. ती गोंधळली. कदाचित तिने विश्वासही ठेवला. कोण ठेवणार नाही? डोक्याला रुमाल बांधलेल्या यशोदाचा फोटो ग्रुपवर फिरला. आणि तिच्या संपूर्ण आरोग्यप्राप्तीबद्दल आभाराची उपासना ठेवल्याची रंगीत पत्रिकाही छापून आली. ब्रदर स्वतः येणार, नंतर सर्वांना पुलाव.

आता माझ्याबद्दल. सुनीताची परीक्षा चालू असल्याने यशोदाच्या नव्या स्कॅनचा रिपोर्ट मी आणला होता. आजार लिव्हरमध्ये उतरला होता. रिपोर्ट चार दिवस माझ्या पर्समध्ये पडून होता. यशोदाने फोनवर विचारलं तेव्हा मी म्हटलं, "डॉक्टर सांगतील सविस्तर." तिच्या आनंदावर विरजण कशाला, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं कारण वेगळं होतं. मला त्या टाळ्या वाजवणाऱ्या माणसांच्या तोंडी लागायचं नव्हतं. इतरांना नावं ठेवण्यात माझी हयात गेली, पण त्या चार दिवसांत मी त्या सूटवाल्याच्याच रांगेत उभी होते. त्याची मला आली त्याहून जास्त किळस माझी मला येते.

उपासनेच्या दिवशी दुपारी मी यशोदाकडे गेले, तर तिथे कल्पना नावाची बाई बसली होती. त्याच मंडळीतली, नवरा अंबडच्या कारखान्यात. तिच्या मांडीवर सहा वर्षांची रोशनी, डोळे अर्धवट मिटलेले, ओठ चावून सुजलेला. रोशनीला फिट्स येतात, रोज गोळी असते. कल्पना यशोदाचे पाय धरून म्हणत होती, "मावशी, तुम्ही बऱ्या झालात ते ऐकून मी पण विश्वासाने गोळ्या बंद केल्या. आठ दिवस झाले. आज सकाळी दोनदा आली हिला. माझाच विश्वास कमी पडतोय. तुमच्यासारखा विश्वास मला मिळावा म्हणून प्रार्थना करा ना..."

यशोदा माझ्याकडे वळली. इतकी वर्षं ओळखत होते तिला, असा चेहरा पाहिला नव्हता. "ताई, रिपोर्ट वाचलाय ना तुमी? खरं बोला." मी पर्स उघडली आणि सांगितलं. ती उठून कल्पनाला म्हणाली, "आधी घरी जा, पोरीला गोळी दे, डॉक्टरला दाव. मग ये उपासनेला. मला तिथं बोलायचं हाय." आम्ही दोघींनी कल्पनाला रिक्षात बसवलं. सुदैवाने डॉक्टर भेटले.

शेड भरली होती. गाणी झाली. ब्रदरने यशोदाला पुढे बोलावून माईक हातात दिला. कल्पना मागच्या बाजूला लेकीला खांद्यावर घेऊन उभी होती. यशोदा म्हणाली, "मी बरी झाली नाय. गाठ लिव्हरमदी गेली हाय. कुणी माझं नाव घेऊन गोळी बंद केली आसल, तर आजच चालू करा." ब्रदर हसतमुखाने पुढे झाला. "बहिणी, हा सैतानाचा आवाज आहे. विश्वासाने बोल." यशोदा म्हणाली, "आवाज माझाच हाय, ब्रदर. घसा सुकलाय म्हणून तसा येतो." मग लोकांकडे वळून म्हणाली, "देव मला सोडून गेला नाय. रोज बसतो माझ्यापाशी. पण तेच्या नावानं मला खोटं बोलता येनार नाय. माझी साक्ष एवढीच हाय." आणि माईक खाली ठेवून ती प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली.

लोक पुलाव न खाता निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून, एक कल्पना सोडली तर, मंडळीतलं कुणी तिच्याकडे फिरकलं नाही. ज्या बाया रोज डबा आणायच्या त्यांना अचानक गुडघेदुखी झाली. मी रागाने धुमसत होते, ती नव्हती. आठ महिने काढले तिने, दुखण्यात. एकदा मी विचारलं, "भीती वाटते का गं?" ती म्हणाली, "दुखन्याची वाटते ना, लय वाटते. पुढची नाय. पुढं कुणीतरी वळखीचं हाय." माझ्या आजोबांना, वडिलांना, चर्चच्या चार पाळकांना जे मला पटवता आलं नाही, ते तिने शेंगदाणे सोलत सांगितलं. पटलं असं अजूनही म्हणणार नाही. पण त्या दिवशी मला तिचा हेवा वाटला.

पुरायला जागा आमच्या जुन्या मंडळीने दिली, पण त्याआधी एका वडीलधाऱ्यांनी कबरस्थानाच्या फाटकात उभं राहून मला विचारलंच, की ही बाई आपल्या नोंदीत आहे का. मी जे उत्तर दिलं ते छापण्याजोगं नाही. फाटक उघडलं. मूठमाती द्यायला सुनीता, मी, दवाखान्यातल्या आया, डोंगरातून आलेला भाऊ, आणि लेकीचा हात धरून कल्पना. ग्रुपवरच्या कबुतरांपैकी एकही नाही.

त्यानंतर चौथ्या दिवशी, संध्याकाळी सातला कल्पनाचा फोन आला. त्या आभाराच्या उपासनेपासून यशोदा रोज त्या वेळी रोशनीला गोळी द्यायला त्यांच्या घरी जायची. चालवेना तेव्हा कल्पनाच पोरीला तिच्याकडे आणू लागली. आता पोर तोंड उघडेना. "यशोदाआजी आधी प्रार्थना करायची, मग गोळी. माझी प्रार्थना हिला चालत नाही," कल्पना रडकुंडीला आली होती. मी म्हटलं, "मग तुमच्या पाळकांना लाव फोन." ती म्हणाली, "ते तर गोळीच नको म्हणतात, ताई." मी कपाळावर हात मारला आणि फोन पोरीला द्यायला सांगितला. "काय म्हणायची गं यशोदाआजी?" पलीकडून बारीक आवाज आला, "देवा, गोळी कडू हाय, तू पन इथंच बस." मी स्वयंपाकघरात उभी होते, हाताला कणीक. बावीस वर्षं मी त्याच्याशी एक शब्द बोलले नव्हते. तरी म्हटलं, जसंच्या तसं.

"बसला का?" रोशनीने विचारलं.

पत्र्याच्या शेडमध्ये माईक धरून उभी असलेली यशोदा मला दिसली. मी म्हटलं, "मला दिसत नाही, बाळा. पण तू गोळी घे. मी बसलेय." आणि कणकेच्या हातानेच खुर्ची ओढून मी खरोखर बसले, तिने पाणी प्यायल्याचा आवाज येईपर्यंत.