एका पेशंटचं एकच कार्ड

वैशालीताई गायकवाडला खुर्चीत सलग बसलेली मी कधी पाहिली नाही. मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात आमची सॉफ्टवेअरची छोटी कंपनी होती आणि ताई आमची सीनियर. टेबलाशी वाकून चार ओळी कोड लिहायची, की निघाली फेरी मारायला. प्रत्येकाच्या पाठीमागून स्क्रीनमध्ये डोकवायची. तिचा चहा रोज साय धरायचा आणि माझ्या जिवाला घोर लागायचा, कारण फेरी हमखास माझ्यापाशी थांबायची.

"चावी कोणाच्या खिशात? सांग पटकन."

मुलुंडच्या एका डायलिसिस सेंटरचं काम आम्ही पीएचपीच्या फ्रेमवर्कमध्ये करत होतो. एका पेशंटचं एकच सूचना-कार्ड: वजन किती ठेवायचं, अंगातलं पाणी किती काढायचं. डेटाबेसमध्ये पेशंटचं टेबल वेगळं, कार्डांचं वेगळं. दोघांना जोडणारा नंबर, म्हणजे ताईची ही 'चावी', कुठल्या टेबलात ठेवायचा, ते मला सुचेना.

"अरे, कार्डाशिवाय पेशंट असतो. पेशंटशिवाय कार्ड असतं का? मग चावी कार्डाच्या खिशात. ज्याचं दुसऱ्यावाचून अडतं, त्याने चावी सांभाळायची. सोपं आहे ना!"

मी मान हलवेपर्यंत ती पुढच्या खुर्चीमागे पोचलेली असायची. तिचं दुसरं पालुपद असं: "कोडमध्ये 'एकास एक' लिहिलंस म्हणून टेबल ऐकतं होय? ते दहा कार्डं घेईल, हूं की चूं करणार नाही. टेबलालाच दम भरायचा. दुसरं कार्ड आलं की दारातून हाकल!" हा दम म्हणजे टेबलावर घालायचा एका ओळीचा नियम. कार्डांचं टेबल मात्र तिनेच केलं, घाईघाईत, आणि नेमकी तीच ओळ राहिली. आम्हा कोणाच्या लक्षात आलं नाही. ताईचं काम तपासायची आमची काय बिशाद!

सेंटरमध्ये चाचणी सुरू झाली आणि थोड्याच दिवसांत तिथल्या डॉक्टरांचा फोन आला. एका आजोबांची तब्येत भरली म्हणून त्यांनी वजनाचा आकडा वाढवून दिला होता, म्हणजे पाणी कमी काढायचं होतं. तरी सिस्टरने जुन्याच आकड्याने पाणी काढलं. आजोबांच्या पायांत गोळे आले, बीपी खाली गेलं. ते सावरले, पण सिस्टरला घरी बसवायचं घाटत होतं. "मी स्क्रीनवर बघूनच केलं," असं ती रडून सांगत होती आणि तिचं कोणी ऐकत नव्हतं.

"वापरणाऱ्याची चूक," आमचे साहेब म्हणाले. "ट्रेनिंग कमी पडलं असं लिहून टाकू."

ताईने तोवर डेटाबेस उघडला होता. आजोबांच्या नावावर दोन कार्डं! डॉक्टरांनी आकडा बदलला तेव्हा जुनं कार्ड बदलायच्या ऐवजी नवं तयार झालं होतं, आणि स्क्रीन आपली पहिलंच काढून दाखवत होती. ताईचा चेहरा उतरला. नख कुरतडत ती दाराशी गेली, परत आली, पुन्हा गेली. मग साहेबांच्या समोरच तिने फोन लावला.

"डॉक्टर, सिस्टरचं काहीच चुकलेलं नाही. स्क्रीनवर जुनाच आकडा दिसत होता. चूक माझी आहे. आत्ताच्या आत्ता सगळ्यांची कार्डं कागदावर घ्या, मी निघालेच."

"वैशाली, फोन ठेव! वाट लावलीस यार!" साहेब ओरडले. ती पर्स उचलून निघालीसुद्धा.

सिस्टरची नोकरी राहिली. सेंटरचं काम आमच्या हातून गेलं आणि महिन्याभरात ताईलाही जावं लागलं. शेवटच्या दिवशी मी तिला मरोळ नाक्यापर्यंत सोडायला गेलो. तिच्या चालीने चालताना मला धाप लागत होती, आणि खरं सांगायचं तर तिचा रागही येत होता.

"काय गरज होती गं ताई? साहेबांनी गुळमुळीत काहीतरी लिहून निभावून नेलं असतं."

"भांडुपला माझी आई दवाखान्यात आया होती रे," ती म्हणाली. "औषधाची बाटली फुटली की आधी तिलाच बोलवायचे. रिटायर होईपर्यंत एकदा तरी कोणी म्हणायला हवं होतं ना, बाई, तुम्ही जा, माझ्या हातून फुटली."