सहा ग्रॅमचं टोक

दौंडच्या आयटीआयमध्ये टर्नरच्या वर्गात म्हाळसा पांढरे ही एकटीच मुलगी होती. पहिल्या दिवशी शिक्षकांनी तिला शिवणकामाचा वर्ग पलीकडच्या इमारतीत असल्याचं सांगितलं. माहीत आहे, असं म्हणून ती बाकावर बसून राहिली. खुटबावच्या पांढऱ्यांकडे आजोबांपर्यंत मेंढरं होती, वडिलांनी ती विकून ऊस लावला. शिकून झाल्यावर म्हाळसाला रांजणगावच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर, म्हणजे धातू फिरवत कापणाऱ्या यंत्रावर, काम मिळालं. शिरूरला ती केंदूरच्या पूनमबरोबर खोली घेऊन राहू लागली. पूनम सकाळी तिरंदाजीला जायची. सेकंड शिफ्ट असली की म्हाळसाही तिच्याबरोबर जायला लागली.

तिरंदाजीचं ते केंद्र हौसराव गव्हाणे चालवत. सगळे त्यांना आप्पा म्हणत. शिकवायचे जीव ओतून, पण मुलींची पाळी मुलांचं झाल्यावर. २००५ साली केंद्रात कंपाउंड धनुष्य आलं. त्याच्या दोन्ही टोकांना चाकं असतात. दोरी पूर्ण खेचली की चाकांमुळे हातावरचा भार हलका होतो आणि नेम धरून थांबता येतं. वर्षभर ते मुलांनी वापरलं. पुढे मुलांसाठी नवी धनुष्यं आली, तेव्हा जुनं म्हाळसाकडे आलं, सोबत ॲल्युमिनियमचे डझनभर बाण.

ओढ म्हणजे दोरी खेचायला लागणारा जोर; तिने छत्तीस पौंडांच्या ओढीवर सुरुवात केली आणि दिवाळीनंतर बोल्ट आवळत ती शेहेचाळीसवर नेली. त्या आठवड्यापासून बाण भरकटायला लागले. एक डावीकडे, एक खाली, एखादा पार निशाणाच्या बाहेर.

आप्पांनी दोन दिवस पाहिलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, “बाईमाणसाच्या खांद्याला शेहेचाळीस झेपत न्हाई. छत्तीसवर ये. न्हाईतर जिल्ह्याच्या निवडीला तुझं नाव देत न्हाई.”

“खांदा माझा हाय, आप्पा,” म्हाळसा म्हणाली. “तो थरथरत न्हाई. बाण थरथरतोय.”

मुलं हसली. आप्पांनी तिला सुधारायला पंधरा दिवस दिले.

तिने पूनमला बाजूला उभं केलं आणि बाण सुटताना नीट बघायला सांगितलं. पूनम म्हणाली की बाण पाण्यातल्या सापासारखा वळवळत जातोय. पिसं बाणाला उडताना सावरून घेतात आणि चूक झाकतात, म्हणून म्हाळसाने एका बाणाची पिसं काढली आणि तो पंधरा पावलांवरून सोडला. तो गवताच्या गठ्ठ्यात पार तिरका घुसला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने वर्कशॉपमध्ये आपला बाण दोन ठोकळ्यांवर आडवा ठेवला, मधोमध एक किलोचं माप टांगलं आणि डायल गेज लावून वाक मोजला. मग तेवढ्याच ओढीवर चालणारा मुलांचा एक बाण तसाच मोजला. तिचा बाण दीडपट वाकत होता. आता तिला उमगलं. दोरी बाणाला मागून ढकलते, पुढचं जड टोक लगेच हलत नाही आणि मधली नळी वाकते. छत्तीसला ती सावरत होती. शेहेचाळीसचा धक्का तिला सोसत नव्हता.

कडक नळ्यांचे बाण मागितले, तर आप्पा म्हणाले की ते मुलांना लागतात. मग हेच बाण कडक केल्यासारखे वागायला हवे होते. नळी आखूड केली की ती कमी वाकते. टोक हलकं केलं तरी कमी वाकते. बाण एका लांब हाताच्या मुलाच्या मापाचे होते, म्हणून तिने प्रत्येकाची इंचभर नळी कापली. कापण्याआधी टोकं गरम करून डिंक सुटू दिला होता आणि ती पक्कडीने ओढून काढली होती; आता ती फोरमनला विचारून लेथवर धरली. मूळ टोक आठ ग्रॅमचं होतं. तिने पहिली दोन चार ग्रॅमवर आणली, शिरूरच्या सराफाच्या काट्यावर तोलून. तो सराफ आधी चकित झाला, मग स्वतःच भिंग घेऊन बसला.

चार ग्रॅम फसलं. बाण सरळ सुटे, पण नाक इतकं हलकं की घोडनदीवरून वारा आला की वाहवत जाई. तिने बाकीची टोकं सहा ग्रॅमवर ठेवली. आता पिसं काढलेला बाण गठ्ठ्यात सरळ घुसला.

केंद्राचे बाण कापल्याचं कळल्यावर आप्पा संतापले. धनुष्य परत ठेव म्हणाले. म्हाळसाने ते खाली ठेवलं नाही.

“आधी सहा बाण बघा,” ती म्हणाली. “चुकले तर धनुष्य बी ठेवते आन् उद्यापासून येत बी न्हाई.”

पन्नास मीटरवर पाच बाण मधल्या पिवळ्यात लागले, एक त्याच्या बाहेरच्या लालमध्ये. आप्पा म्हणाले, नशीब. तिने बाण उपटून आणले आणि पुन्हा सहा मारले. मग आणखी सहा. तिसऱ्या फेरीनंतर आप्पांनी वही काढून तिचं नाव लिहिलं.

निवडीत ती चौथी आली. संघात तिघीच जाणार होत्या. खुटबावला गेल्यावर वडिलांनी विचारलं, आता हौस फिटली का? ती म्हणाली, तिसरीपेक्षा मला फक्त चार गुण कमी आहेत, ते कुठे गेले ते मला ठाऊक आहे. सोमवारी ती पुन्हा मैदानावर होती, ओढ तीच शेहेचाळीसची.

पुढच्या वर्षी मुलांनी ओढी वाढवल्या आणि त्यांचेही बाण वळवळू लागले. आप्पांनी पूनमच्या हातून सगळ्यांच्या बाणांची टोकं पाठवली, जमवून दे म्हणून. म्हाळसाने पिशवी न उघडता परत केली आणि स्वतः जाऊन सांगितलं की करून देईन, पण सकाळची पहिली पाळी मुलींची. आप्पा तीन आठवडे तिच्याशी बोलले नाहीत. चौथ्या सोमवारी सकाळी सहा वाजता मैदानाचं कुलूप त्यांनीच उघडलं, आणि मुलांच्या आधी रेषेवर केंद्रातल्या पाचही मुली उभ्या होत्या.